मणेरणीचे हात

मलनबीनं माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मी रडत होते. लग्न होऊन अणदूरला येऊन मला चार दिवस झाले होते. उतरंड हलवताना माझ्या हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या वाढल्या. नव्या नवरीचा हात उणा दिसू नये म्हणून सासूबाईंनी शेजारच्या मणेरणीला हाक मारली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मणेरीण बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आली, ओसरीवर बसली, आणि माझं तोंड न बघताच तिनं माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला.

"सव्वादोन," ती म्हणाली. मापाची कडी तिनं कधी वापरली नाही.

तिनं माझी बोटं एकात एक मिटवली आणि अंगठ्याखालचं हाड दाबलं. मी हात ताठ केला.

"नाव काय गं तुजं?"

"शांता."

"मागं माहेरी कोन रडत असंल आता?"

"धाकटी बहीण," मी म्हणाले, आणि म्हणेपर्यंत बांगडी मनगटात उतरली होती.

ही तिची रीतच होती. बांगडी हाडावर आली की ती असा काही प्रश्न विचारायची की बाईचं मन हातातून निघून दुसरीकडं जायचं. कुणाला म्हशीचं विचारायची, कुणाला लेकीच्या बाळंतपणाचं. "हात माझ्याकडं द्या नि तुमी कुटंतरी जाऊन या," असं म्हणायची. आमच्या गावात तिच्या हातून बांगडी क्वचितच वाढली असेल.

मलनबी तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेरची होती. सावळी, रुंद खांद्यांची, नाकात चमकी. तिचा नवरा दस्तगीरचाचा आजूबाजूच्या गावांचे बाजार करायचा आणि ती गाव सांभाळायची. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर मणेरांची दोन घरं उठून सोलापूरला गेली, हे एकच मागं राहिलं. का राहिलात, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "सोलापूरच्या बायांचं हात मला ठावं न्हाईत. हितल्या बायांचं हायेत."

खरंच होते. जातीपातीचं सगळं पाळणाऱ्या गावात प्रत्येक घरातल्या बाईचा हात मांडीवर घेणारी ती एकटीच होती. हात धरूनच ती सांगायची, हिला ताप आहे, हिला दिवस गेलेत, ही नीट जेवत नाही. एकदा एका मोठ्या घरात बांगड्या भरायला गेली, तर तिथल्या सुनेच्या दंडावर निळे वळ. मलनबीनं बांगड्या बाजूला ठेवल्या आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागली. "एक, दोन, तीन, चार, नि ह्यो अंगठा. उजव्या हाताचा मानूस हाय." ओसरीवर त्या सुनेचा नवरा पान लावत बसला होता. त्या घरानं तिला वर्षभर बोलावलं नाही. तिनंही काही मनावर घेतलं नाही.

एवढं सगळं हातांच्या जोरावर होतं. म्हणून पुढं जे झालं ते गावाला नीट कळायलाच वेळ लागला.

पौषात आमच्या गावचा खंडोबा मैलारपुरात मुक्कामाला असतो. तिथं जत्रेला मलनबी दरसाल दुकान मांडायची. माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी जत्रा उरकून ती, दस्तगीरचाचा आणि अकरा-बारा वर्षांची त्यांची एकुलती लेक रझिया बैलगाडीनं परत येत होती. ओढ्याच्या उतारावर चाक धोंड्यावर चढलं आणि गाडी कलंडली. मलनबी तोंडावर आपटली. हनुवटी गाडीच्या साटीच्या फळीवर बसली आणि मान मागं गेली. ती पडल्या पडल्या म्हणाली, "माल बगा, माल." मग रझियानं उठवायला तिचा हात धरला, तर हात ओल्या कपड्यासारखा रझियाच्या हातात राहिला.

तीन दिवस पायही गेले होते. ते चौथ्या दिवशी परत आले. हात आले नाहीत. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली शीर दबली आहे, पाय वाचले हे नशीब समजा, हातांचं सहा महिने बघा.

'सहा महिने बघा' हे शब्द दस्तगीरचाचांनी जपून घरी आणले. भेटेल त्याला ते तेवढंच सांगायचे. त्यांची आणि आमची परसातली भिंत एकच होती, कमरेएवढी. रोज सकाळी मी चूल पेटवताना पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "जरा हलाको देखो." मग मलनबी म्हणायची, "नै हलता जी."

पाचव्या महिन्यात डावा अंगठा हलला. दस्तगीरचाचांनी गल्लीत साखर वाटली. आत्याबाईंनी हळद-मिठाचे हात तसेच पुसून खंडोबाच्या दिशेनं भंडारा उधळला. मीही जाऊन पाहून आले. अंगठा हलत होता, चिमटीतला दाणा सरकवावा इतका. पुढं सहा महिने झाले, वर्ष झालं, दोन वर्षं झाली. अंगठा तेवढाच हलत राहिला.

"ह्यो हलला नसता तर बरं झालं असतं," मलनबी एकदा म्हणाली. "तवाच आस सोडली असती म्या."

आस सोडली ती आधी दस्तगीरचाचांनी. सहा महिने उलटल्यावर एके सकाळी त्यांनी "हलाको देखो" म्हटलंच नाही. त्याऐवजी ठोकण्याचा आवाज आला. त्यांनी घर बदलायला घेतलं होतं.

तो माणूस मुळात गप्प होता. बायकोला उभं करून त्यांनी भिंतीवर कोळशानं तिच्या तोंडाची उंची आखली आणि तिथं कोनाडा पाडला. त्यात पाण्याचा तांब्या, आणि तांब्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ. देठ दोन दिवसांत सुकायचा म्हणून परसात पपईची चार झाडं लावली. पुढं सोलापुराहून रबराची नळी आणली. तुळईला एक धुवट धडपा तोंडाच्या उंचीवर टांगला, घाम आणि डोळे पुसायला. दाराच्या कडीला दोरीचा फास बांधून तो खाली सोडला, पाय घालून ओढला की कडी निघायची. पदर खांद्यावर टाके घालून शिवून टाकला. झंपराला मागून बंद लावले. हात नुसते लोंबायचे, चौकटीला आपटायचे, खांदे ओढायचे. म्हणून जुन्या लुंगीची झोळी करून ते पोटाशी बांधले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई थंडीनं हात पोटाशी धरून उभी आहे.

जेवणासाठी ओट्यावर ओटा रचला. त्यावर काठवटीत डाळीत कुस्करलेली भाकरी ठेवायची, आणि मलनबीनं उभं राहून तोंडानं खायची. पहिले सहा-सात महिने दस्तगीरचाचा तिला भरवत होते. तिनंच ते बंद केलं.

"दुसऱ्यानं घास दिला की त्येच्या येळानं खावं लागतंय," ती मला म्हणाली. "त्यो दमला की आपलं पोट भरलं म्हनायचं. ह्ये जनावरावानी खाती ते बरं. पर बगायला कुनी यायचं न्हाई." जेवताना ती पायानं कडी लावून घ्यायची. रझियालासुद्धा आत येऊ द्यायची नाही.

हे सगळं बघून गाव दस्तगीरचाचांचं कौतुक करायचं. बायका मुद्दाम घर बघायला यायच्या, नळीनं पाणी पिऊन दाखव म्हणायच्या. मलनबी दाखवायची. पण त्या गेल्यावर भिंतीशी येऊन म्हणायची, "घर हुशार झालं गं शांता. म्या न्हाई झाले."

तिचे हात मेले होते, पण शांत नव्हते. निखारे मुठीत धरल्यासारखे जळतात म्हणायची. आणि खरोखर एकदा झोळीतून सुटलेला हात चुलीच्या तोंडाशी गेला, तर तिला वास आल्यावर कळलं. दोन बोटांची कातडी गेली होती. "खोटी आग कळती नि खरी कळत न्हाई," एवढंच बोलली. मौलवींनी सांगितलं होतं की दुआला हात उचलत नसले तरी मनात उचल, अल्लाला पोचतं. काही दिवस तिनं तसं केलं. मग सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "मनातलंबी हात दमलं."

तिच्यात जगण्याची शेवटची जी उचल मी पाहिली ती दुसऱ्या वर्षी. पायांचं तिच्या ध्यानात आलं होतं. ती दिवसभर दार लावून पायाच्या बोटांनी बांगड्या उचलायची, दोऱ्यात ओवायची, रंग निवडायची. एकदा तिनं मला बोलावून दाखवलं. जमिनीवर बसून, उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरून तिनं माणसाच्या मुठीसारख्या घडवलेल्या लाकडावर बांगडी चढवली. तिचा चेहरा घामानं भिजला होता. "आठ दिवसांनी बग," ती म्हणाली.

आठ दिवसही गेले नाहीत. दस्तगीरचाचा बाजाराला गेले होते आणि आमच्या गल्लीतली आठ वर्षांची एक पोर आजीबरोबर बांगड्या भरायला आली. आजी दारात कुणाशी तरी बोलत थांबली. मलनबीनं पोरीला परसात समोर बसवलं, एका पायानं तिचं मनगट अलगद दाबून धरलं आणि दुसऱ्यानं बांगडी घातली. बांगडी गेली! मी भिंतीपलीकडून बघत होते. पोर हसली. मलनबी म्हणाली, "आता दुसरी. तुमच्या शेळीला पिल्लं किती झाली गं?"

तेवढ्यात आजी आत आली आणि किंचाळली, "अगं, पाय लावलास की गं माज्या नातीला! लक्ष्मीच्या हाताला पाय लावलास!"

मलनबीनं पाय झटकन मागं घेतला. बांगडी जमिनीवर आपटून तिचे दोन तुकडे झाले. आजी वाईट बाई नव्हती. ओरडून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं आणि ती पोरीला घेऊन निघून गेली. पण मलनबीनं तिला दोष दिला नाही. तेच मला सहन झालं नाही.

"तिचं काय चुकलं?" ती म्हणाली. "म्या तरी दुसऱ्याचा पाय माज्या रझियाला लावू दिला असता का? भाकरीला पाय लावायचा न्हाई, किताबाला लावायचा न्हाई, मानसाला लावायचा न्हाई. हातानं हुत न्हाई नि पायानं करायचं न्हाई. मग ऱ्हायलं काय?"

त्या दिवसानंतर तिनं पायानं बांगडीला शिवलं नाही. दस्तगीरचाचा गावात असले की ते बांगड्या भरायचे आणि ती शेजारी बसून दुरूनच हाताचं माप सांगायची. ते कधी चुकलं नाही.

रझिया पंधराची झाली आणि तिचं लग्न ठरलं, ढोकीजवळच्या एका गावात. आईची अशी गत, तरी स्थळ आलं हेच खूप असं सगळे म्हणत होते. चुडा दस्तगीरचाचा भरत होते. मलनबी शेजारी होती. बांगडी हाडावर आली तशी मलनबीनं सवयीनं विचारलं, "रझिया, सकाळी कोंबड्यांना दानं टाकलं का गं?" रझियानं आईकडं बघितलं आणि रडू फुटून म्हणाली, "अम्मी, आता तुमचं सगळं कोन करनार?" हात आखडला आणि बांगडी दस्तगीरचाचांच्या बोटांत फुटली. इथं मी 'वाढली' म्हणत नाही. ती फुटलीच. त्यांचं बोटही कापलं. लग्नघरात शुभ-अशुभ करायला कुणाला सवड नव्हती, तरी मलनबी त्यानंतर लग्नाच्या मांडवात आली नाही. घरातच कडी लावून बसली.

रझिया गेली आणि त्यानंतर मलनबी आठवड्यातून तीन-तीन दिवस रोजे धरायला लागली. रमजान नाही, काही नाही. गावाला वाटलं, बाई देवाच्या मार्गाला लागली. आत्याबाईसुद्धा म्हणाल्या, "दुःखानं मानूस पवित्र हुतंय." मला ते रोजे विचित्र वाटले, कारण ते नेमके बाजाराच्या दिवशी यायचे. दस्तगीरचाचा पहाटे जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, त्याच दिवशी ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. नळी तोंडासमोर असून घ्यायची नाही.

मी भिंतीशी जाऊन विचारलं, "चाची, हे कसले रोजे?"

तिनं आधी माझ्यामागं कुणी आहे का ते बघितलं. मग म्हणाली, "तुला कळत न्हाई व्हय? खाल्लं तर परसाकडं जावं लागतंय. मग धुनार कोन?"

मला खरंच कळलं नव्हतं. चार वर्षं मी त्या घरातला कोनाडा, नळी, दोरी, झोळी बघत होते. दस्तगीरचाचांनी सगळ्याला तोड काढली होती, पण ह्याला तोड नव्हती. ते काम ते स्वतः करायचे, ते नसले की रझिया करायची, आणि आता बाजाराच्या दिवशी कुणीच नव्हतं.

"मी येत जाईन," मी म्हणाले.

"नगो. आत्याबाईला कळलं तर तुला घरात घ्यायच्या न्हाईत. आनि..."

तरी एका दिवशी तिला मला हाक मारावी लागली. आत्याबाई शेतावर होत्या. भिंतीपलीकडून एकदाच, अगदी हळू, "शांता" असं ऐकू आलं. गेले तर ती मोरीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी होती. उपाशी असूनही तिचं पोट बिघडलं होतं. लुगडं, पाय, जमीन, सगळं खराब झालं होतं. मी पाणी तापवलं. लुगडं सोडलं, तिला धुतलं, जमीन सारवली, दुसरं लुगडं नेसवलं, झोळी बांधली. एवढा वेळ तिनं भिंतीकडचं तोंड हलवलं नाही. मीच काहीतरी बडबडत होते, पाऊस, ज्वारी, माझ्या पोराचे दात. तिचीच युक्ती मी तिच्यावर करत होते आणि ती मला मुळीच येत नव्हती.

निघताना ती म्हणाली, "घरी जाऊन अंगावरनं पानी घ्या."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी गेले आणि म्हटलं, "चाची, बरं आहे का?" ती म्हणाली, "बरं हाय. तुमी जेवलासा का?"

मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवसापासून तिनं मला अगं-तुगं केलं होतं. त्या दिवसापासून मी 'तुमी' झाले. गोड बोलायची, विचारपूस करायची, पण एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं. परत तिनं मला कधी आत बोलावलं नाही. मी मदत केली म्हणून शेजारीण गमावली, हे मला कळायलाही दिवस लागले, आणि कळल्यावरही त्यावर काय करावं ते कळलं नाही.

दस्तगीरचाचा गेले ते तापानं. पाच दिवस पडून होते. चौथ्या दिवशी दुपारी सुगीमुळं गल्ली रिकामी होती. मीही शेतात होते. आत्याबाई तेवढ्या घरी होत्या. पलीकडून दस्तगीरचाचांचा "पानी, पानी" असा आवाज बराच वेळ येत राहिला, तेव्हा आत्याबाई उठल्या. त्यांनी आयुष्यात मणेराच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या तांब्या घेऊन दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या चुलीपुढं नुसत्याच बसल्या होत्या. चूल पेटवलेली नव्हती.

"काय झालं आत्याबाई?"

"काय न्हाई." मग चुलीकडं बघतच म्हणाल्या, "ती नळीनं तोंडात पानी घ्यायची. खाटंपाशी जाऊन गुडघ्यावर बसायची. नि त्याच्या तोंडाला तोंड लावून पानी सोडायची. अर्ध्याला अर्धं सांडायचं. पुन्ना उठायची, पुन्ना घ्यायची. म्या धा-बारा खेपा बगितल्या. मला आत जायचं धाडस झालं न्हाई गं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढं म्हणाल्या, "पाखरू पिल्लाला भरवतंय तसं."

ते दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. बायका मलनबीच्या बांगड्या उतरवायला बसल्या. हाताची ही दशा झाल्यावरही दस्तगीरचाचा दर ईदला तिला नव्या बांगड्या भरायचे. एकीनं तिचा डावा हात उचलून पाटावर ठेवला, मग उजवा. ती त्या हातांकडं दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत होती. बांगड्या फोडून झाल्या आणि हात सोडले, तसे ते घरंगळून मांडीवर पडले. तिला रडू आलं तेव्हा तिचं नाक-डोळे कोण पुसणार म्हणून क्षणभर सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. मग आत्याबाई पुढं झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या पदरानं तिचं तोंड पुसलं.

त्यानंतर दहा-बारा दिवस बायकांनी पाळ्या लावल्या. मीही होते. कुणी भाकरी कुस्करून जायचं, कुणी न्हाऊ घालायचं. मग सुगीचा जोर वाढला, कुणाची बाळंतीण आली, कुणाची सासू नको म्हणाली. पाळीतली एक बाई आली नाही, मग दुसरी आली नाही. कुणी ठरवून सोडलं नाही. मलाही तिसरं पोर होऊ घातलं होतं आणि तिच्याकडं जायच्या माझ्या दोन पाळ्या चुकल्या. त्यातल्या एका दिवशी ती तशीच बसून राहिली असेल. मी तिला विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

रझिया न्यायला आली त्याच्या आदल्या दिवशी मलनबी परसात उभी होती. भिंतीशी येऊन म्हणाली, "शांताबाई, लोक म्हनत्यात मरन आपल्या हातात नसतंय. खरं हाय. मरायलाबी हात लागत्यात. हिरीच्या काठावर चढायचं तर हात लागत्यात."

मी भिंतीवरून हात पुढं करून तिच्या दंडाला धरलं. तिला ते कळलंही नसावं, कारण ती दुसरीकडंच बघत होती.

सकाळी ती रझियाबरोबर एस.टी.त चढली. सामान काय, एक बोचकं आणि रबराची नळी. गाडी हलली तशी कंडक्टर ओरडला, "ओ बाई, दांडी धरा!" रझियानं दोन्ही हातांनी आईची कंबर धरली.

पुढं तीन-चार वर्षांनी माझ्या नणंदेकडं कार्याला म्हणून मी ढोकीला गेले. तिकडं साखर कारखान्याचं वारं सुटलं होतं. नवा ऊस, ट्रॅक्टर, तेच सगळ्यांच्या तोंडी. रझियाचं गाव तिथून जवळच होतं. मी सकाळच्या एस.टी.नं गेले. गाडी पुढच्या गावाला जाऊन तासाभरात परत फिरणार होती, तेवढाच माझ्याकडं वेळ होता.

गावात शिरण्याआधीच आवाज ऐकू आला. "हा... हुर्रर्र... हा..." बसका, घशात फाटलेला. घराशेजारच्या खळ्यावर ज्वारी वाळत पसरली होती आणि तिच्या कडेला एका पोत्यावर मलनबी बसली होती. झोळी नव्हती. हात दोन्ही बाजूंना जमिनीवर पडले होते. केस अर्धे पांढरे झालेले, पदर खांद्यावरून खाली.

मी समोर जाऊन बसले. तिनं ओळखलं. हसली नाही.

"आत्याबाई कशा हायेत?"

"गेल्या. मागच्या साली."

"चांगली बाई हुती," ती म्हणाली आणि लगेच मान वळवून ओरडली, "हुर्रर्र!" चिमण्यांचा थवा उठला आणि चार हातांवर जाऊन परत बसला. ओसरीवर रझियाची सासू डाळ निवडत बसली होती, ती इकडंच बघत होती. रझिया शेतात होती.

"पाखरं राखती," मलनबी म्हणाली. "फुकट खात न्हाई. बुजगावन्याला तरी हात असत्यात, पर त्येला वरडता येत न्हाई."

"खायला-प्यायला नीट देतात का, चाची?"

"देत्यात. रझिया आली म्हंजी देती. लेकरू दमून येतंय." ती पुन्हा ओरडली. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "शांताबाई, एक काम करता?"

"सांगा."

"हितं, नाकाच्या बाजूला, डोळ्याखाली, सकाळपासनं खाज सुटलीय. म्या खांद्याला घासून बगितलं, पोचत न्हाई."

मी बोट लावलं. ती म्हणाली, "जरा वर. डावीकडं. व्हय, तितं." मी खाजवू लागले. तिनं डोळे मिटले. तिचं तोंड सैल पडलं आणि खांदे खाली आले. चिमण्या ज्वारीवर उतरल्या, तरी तिनं डोळे उघडले नाहीत. ओसरीवरून आवाज आला, "ओ मलनबी, पाखरं बसली की!" तिनं ऐकलं नाही किंवा ऐकूनही ती तशीच राहिली.

"थांबू नगा," ती पुटपुटली. "थांबलं की परत सुरू हुतंय."

मी थांबले नाही. फाट्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. एकदा वाजला, परत वाजला. चौथं, तान्हं पोर नणंदेकडं सोडून आले होते आणि त्या गाडीनंतर दुसरी गाडी नव्हती.

"चाची, गाडी आली."

"आनखी जरा," ती डोळे मिटूनच म्हणाली.

तिसऱ्या भोंग्याला मी बोट काढलं आणि उठले. तिनं डोळे उघडले नाहीत. मी वळून पळत सुटले, आणि फाट्यावर पोचेपर्यंत खळ्यावरून पाखरं हाकल्याचा आवाज आला नाही.